कोटवाराने न ओळखलेली बाई

आंबाखेडीत भांडणाला कारण लागत नसे, शांताबाई असली की पुरे. लोधीखेड्याकडून सौंसरला जाताना संत्र्याचे बगीचे मागे पडतात आणि कपाशीची वावरं सुरू होतात, तिथे डाव्या हाताला हे गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धपुरा, आणि पुऱ्यातलं पहिलंच घर तिचं. त्यामुळे पुऱ्यात येणाऱ्याची आधी तिच्या तोंडाशी गाठ पडे. उधारी वसूल करणारे, औषधाच्या बाटल्या विकणारे, मतं मागणारे, सगळे तिचं दार बंद दिसलं की हुश्श म्हणत आणि पावलं उचलत.

ती मनाने फार प्रेमळ होती वगैरे म्हणायची सोय नाही. चुलीपाशी बसली तर चुलीला शिव्या देई, विहिरीवर गेली तर दोराला. एकदा भैय्याजींचा बैल तिच्या परसातल्या वांग्यांत शिरला. तिने बैलाला एक काठीसुद्धा मारली नाही. सरळ भैय्याजींच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बैल मुका हाय जी, त्याले समजत नाही. तुमाले कोनी शिकवलं नाही काय, दुसऱ्याच्या दारात तोंड घालू नये म्हून?" भैय्याजी गावचे बडे बागायतदार. तीस वर्षं गावातलं पानही त्यांना विचारून हलत होतं. त्या दिवशी मात्र ते मूग गिळून आत गेले. दुसऱ्या दिवशी शांताबाई त्यांच्याच बगीच्यात तण निंदायला हजर, जसं काही झालंच नाही. मजुरी तर तिथेच मिळायची, आणि मजुरीवर राग धरण्याइतकी ती खुळी नव्हती.

तिचा नवरा श्रावण, गावाचा कोटवार. सरकारी माणूस. दवंडी द्यायची, तहसीलचे निरोप आणायचे, कोणी मेलं-जन्मलं की कळवायचं, साहेब आला की त्याच्या मागे उभं राहायचं. त्याबद्दल सरकारने कसायला दिलेला जमिनीचा एक तुकडा. माणूस उंच, पण सतत कोणाला तरी वाट देत असल्यासारखा वाकलेला. गावात लहानथोर सगळे त्याला 'कोटवार' म्हणत. घरी बायको 'मालतीचा बाप' म्हणे. मालती त्यांची मुलगी, पांढुर्ण्याला दिलेली. असं करता करता त्याचं स्वतःचं नाव कोणाच्याच तोंडात राहिलं नव्हतं.

आणि इथेच शांताबाईच्या धारदार जिभेला एक गाठ होती. जगातल्या कोणालाही काहीही बोलणारी ही बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. पुऱ्यातली कोणतीच लग्नाची बाई घेत नसे. दीक्षा घेतली तेव्हा पुऱ्याने घरातले देव उचलून नाल्यात सोडले, उपास सोडले, नवस सोडले. पण नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं ही समजूत काही कोणी नाल्यात नेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की बाई पदर ओठांवर धरून गप्प उभी राही आणि शेजारचं कोणीतरी तिच्या वतीने सांगून टाकी. वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांच्या बायकांचंही तेच. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. विधवा बायका मात्र धडाधड नाव सांगून मोकळ्या होत, कारण आता तुटायला काही उरलेलंच नसे.

त्र्याऐंशी साली पंचायतीची निवडणूक लागली. तोवर पुऱ्याच्या वॉर्डाचा पंच भैय्याजी ठरवत आणि पुऱ्याला नंतर कळे. या खेपेला देवीदास उभा राहिला. हा पुऱ्यातलाच पोरगा, सौंसरच्या बस स्टँडजवळ शिलाई मशीन घेऊन बसायचा. समोर भैय्याजींनी आपला माणूस दिला, नत्थूजी. नत्थूजीचं अर्धं आयुष्य भैय्याजींचं पान जुळवून देण्यात गेलेलं.

देवीदासने संध्याकाळी विहारात बायका जमवल्या. त्याच्याजवळ सोड्याच्या बाटलीचं एक बूच आणि तव्याची काजळी होती. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्याने एक कंदील काढला, एक छत्री काढली.

"कंदील माहा, छत्री नत्थूजीची. शिक्का एकाच चित्रावर मारा. दोघांवर मारला तं मत बाद. चित्राच्या मंधात मारा, दोन चित्रांच्या रेघेवर नाही. आन् अंगठा लावू नका बाप्पा, अंगठा कागद घेताना लागते, मत देताना नाही."

"मंग घडी?" सुशीलाने विचारलं. सुशीला शांताबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, नवीनच चाळिशीत शिरलेली, बुजरी बाई.

"घडी उभी पाडा. आडवी पाडली तं ओली शाई खालच्या चित्राले लागते. शाई वाळू द्या, फुंकर मारा. आन् आत कोनाले दिलं हे कोनीच विचारू शकत नाही. नवराबी नाही, भैय्याजीबी नाही."

"विचारू दे ना," शांताबाई म्हणाली. "मी त्याच्या कानातच सांगतो."

बायका हसल्या. प्रत्येकीने बुचाचा शिक्का मारून पाहिला. म्हाताऱ्या कलाबाईने तर कंदिलावर इतक्या जोराने बूच दाबलं की कागद फाटला. देवीदासने सगळं शिकवलं. एकच गोष्ट शिकवायची राहिली, आणि ती त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, कारण पुऱ्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ती शिकवण्याची गोष्ट वाटतच नाही.

मतदान शाळेत होतं. शांताबाई सकाळी घरातलं आवरून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून निघणार, तोच सुशीला पाय ओढत परत येताना दिसली. तिच्या मागे आणखी दोघी. बोटाला शाई नाही.

"काहून वं? एवढ्यात परतली?"

सुशीला रडायलाच लागली. "नवऱ्याचं नाव इचारते तो साहेब. मी कशी सांगू, बाई? नत्थूजी उभा राहून म्हनते, ही बाई गावातली नाही, बनावट हाय. मंग साहेबानं कोटवाराले इचारलं, पहचानते हो का म्हून."

"मंग?"

"भाऊजीनं मान हालवली. नाही म्हणे."

शांताबाईची तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती गेली सुशीलावर. "तोंड सांभाळ! माह्या नवऱ्याच्या अंगात दम नाही हे मले माहीत हाय. पन तो हरामखोर नाही. तुह्या लग्नाचं पाणी त्यानं भरलं, तुह्या पोराच्या जन्माची वर्दी त्यानं देल्ली, तो तुले ओळखत नाही? तूच घाबरून पळाली असशीन अन् आता त्याच्या नावानं खडे फोडून राहिली!"

"त्या दोघींले इचार ना," सुशीला म्हणाली.

त्या दोघी खाली पाहत होत्या. शांताबाईने त्यांनाही दोन शब्द सुनावले आणि तरातरा शाळेकडे निघाली. रस्त्याने तिला देवीदास भेटला. त्याच्या सदऱ्याची बाही फाटलेली. दारात भांडण केलं म्हणून शिपायाने त्याला बाहेर काढलं होतं. त्याचा आत बसलेला माणूस या बायका पुऱ्यातल्याच आहेत म्हणून ओरडत होता. पण साहेबाचं म्हणणं, एजंट तर आपापल्याच लोकांना ओळखतात. कोटवार सरकारी माणूस आहे, तो सांगेल ते खरं. साहेब नर्मदेपलीकडचा, हिंदी बोलणारा मास्तर. आदल्या दिवशी बसने आलेला, गावातलं कुत्रंही ओळखीचं नसलेला.

"मावशी, तुमी तरी नाव सांगून देजा," देवीदास म्हणाला.

"गरज काय? माहा माणूस बसला हाय ना तिथं," शांताबाई म्हणाली. पण आता तिच्या बोलण्यात जोर कमी होता, आणि ते तिलाच कळत होतं.

शाळेत बायकांची रांग होती. वरच्या आळीची एक सून टेबलापाशी पोचली. साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं. तिने पदर ओठांवर धरला. नत्थूजी खुर्चीत रेलून तंबाखू मळत होता, त्याने हरकत घेतली नाही. साहेबाने मागे पाहिलं. मागे भिंतीला टेकून, छातीवर बिल्ला लावून श्रावण उभा. तो लगेच म्हणाला, "जी हाँ साहब, नामदेवजी की बहू।" तिला कागद मिळाला. शांताबाईचा जीव भांड्यात पडला. नाव सांगतो आहे की व्यवस्थित. सुशीला खोटारडीच.

मग कलाबाई. नत्थूजीने लगेच हात वर केला, "ऐतराज है साहब।" पण कलाबाई विधवा. तिने मेलेल्या नवऱ्याचं नाव असं खणखणीत सांगितलं की पोरांची शाळा असती तर गुरुजींनी शाबासकी दिली असती. नत्थूजीचा हात तसाच खाली आला.

मग शांताबाई.

"नाम?"

"शांताबाई."

"पति का नाम?"

सवयीने तिचा पदर ओठांवर गेला. साहेबाचं बोट यादीवर थांबलं होतं. नत्थूजी म्हणाला, "ऐतराज। फर्जी है। इस गाँव की नहीं है।" म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बैलाच्या वेळी तो भैय्याजींच्या ओसरीवरच बसलेला होता.

"कोटवार," साहेब मान न वळवता म्हणाला, "पहचानते हो?"

शांताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळीच तिच्या हातची भाकर खाऊन, तिने धुतलेलं धोतर नेसून तो आला होता. त्याने आधी नत्थूजीकडे पाहिलं. मग जमिनीकडे. साहेबाने पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "जी नहीं साहब।"

रांगेतल्या बायकांनी श्वास घेतलेला ऐकू आला. वरच्या आळीतल्या बायकांनीसुद्धा. शांताबाईला जन्मात पहिल्यांदा शिवी सुचली नाही. तिला सुशीला आठवली, सकाळी रडणारी, आणि आपण तिला काय काय बोललो ते. मग तिला एवढंच वाटलं, की तीस वर्षं ज्याचं आयुष्य तुटू नये म्हणून मी दातांमागे एक शब्द दाबून धरला, त्याने मला दोन शब्दांत तोडून टाकलं. त्याच्या आयुष्याची काळजी मीच का करू?

"जाओ बाई," साहेब म्हणाला. "आगे कौन है?"

"श्रावण," शांताबाई म्हणाली.

तिने पदर ओठांवरून काढून कमरेला खोचला आणि पुन्हा म्हणाली, शाळेच्या कौलांपर्यंत जाईल असं, "श्रावण! माह्या नवऱ्याचं नाव श्रावण! त्याच्या बापाचं नाव झिंगर! घर पुऱ्यातलं पहिलं! पाह्य तुह्या यादीत!"

साहेबाने यादी पाहिली. शांताबाई, पति श्रावण. घर क्रमांक एक. तो काही म्हणायच्या आत शांताबाईने हात लांब करून भिंतीकडे बोट दाखवलं. "आन् आता त्या बिल्लेवाल्याले त्याचं नाव इचार."

साहेबाला तिची बोली सगळी कळली नसेल, पण बोट कळलं. तो पहिल्यांदाच मागे वळला. "कोटवार, तुम्हारा नाम क्या है?"

नत्थूजीची तंबाखू हातातच राहिली. खोलीत इतके लोक, पण कोणी श्रावणच्या मदतीला आलं नाही. स्वतःचं नाव सांगायला काही शेजारी लागत नाही.

"श्रावण," तो म्हणाला. "श्रावण झिंगर।"

"और यह तुम्हारी कौन है?"

उत्तराची गरजच पडली नाही, कारण रांगेपाशी कलाबाई खदाखदा हसायला लागली होती. मत देऊनही ती गेली नव्हती. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. त्याने नत्थूजीला सुनावलं की आता ऐतराज घ्यायचा तर लिहून द्या, आणि खोटा निघाला तर पुढचं ठाण्यात बोलू. नत्थूजी पान खाऊन येतो म्हणून बाहेर गेला.

साहेबाने शाईची काडी उचलली. शांताबाईने हात मागे घेतला.

"पयले माह्या बायका. सकाळपासून ज्या ज्या परत धाडल्या, त्या बोलवा. मंग माही शाई."

"उन्हें भी बुला लो, जो आएगी वोट देगी," साहेब वैतागून म्हणाला. "अब हाथ दो बाई, लाइन रुकी है।"

तिने हात दिला. अंगठा लावला, कागद घेतला, ताडपत्रीच्या आडोशाला गेली. शिक्का कंदिलाच्या बरोब्बर मध्ये मारला. शाईवर फुंकर मारली. उभी घडी पाडली. पेटीच्या फटीत कागद जाईना तेव्हा पेटीलाही एक शिवी दिली, आणि मग तो गेला.

बाहेर येऊन तिने कलाबाईला पुऱ्यात पिटाळलं. सुशीला आली. पदर सावरत, मान खाली घालून ती साहेबापुढे उभी राहिली आणि तिने कसंबसं, गिळत गिळत, पण स्वतःच्या तोंडाने नवऱ्याचं नाव सांगितलं. कोटवाराला कोणी विचारलंच नाही. शांताबाईने तिची माफी मागितली नाही. मागणं तिला येत नव्हतं. "चाल, पदर नीट घे," एवढंच म्हणाली. परत गेलेल्या बाकीच्या दोघीतिघी तर केव्हाच बोरगावच्या वाटेवरच्या वावरात कामाला लागल्या होत्या. त्यांची मतं पडलीच नाहीत.

मतदान संपल्यावर तिथेच पेटी फोडून मोजणी झाली. देवीदास हरला, अगदी थोडक्यात. नत्थूजीच्या गळ्यात हार पडला, भैय्याजींच्या ओसरीवर ढोल वाजला. देवीदास पुऱ्यात तोंड पाडून बसला तेव्हा शांताबाई त्याच्यावरच खेकसली, "मेलं का कोनी घरात? माह्यं मत मीच टाकलं. पुढल्या खेपेले बाटलीचं बूच नंतर, पयले नवऱ्याची नावं घ्याले शिकव." आणि घरात जाऊन तिने आतून कडी लावली.

श्रावण दिवेलागणीला आला. बिल्ला त्याने खिशात टाकला होता. त्याने कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी."

"मी कोन? मी ओळखत नाही."

"उघड वं. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. तिथंबी लोकच होते."

गल्लीत खरंच लोक होते. सुशीला दारात, कलाबाई खाटेवर, पोरंटोरं रस्त्यात. श्रावण दाराशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलू लागला. काल भैय्याजींनी बोलावलं होतं. कोटवारी काढून घेतो म्हणाले, जमीन जाईल म्हणाले, तहसीलात त्यांची उठबस आहे. इकडे आड तिकडे विहीर, मी काय करू? ज्याचं खातो त्याचं...

"त्याचं खात होता?" आतून आवाज आला. "सकाळची भाकर भैय्याजीनं भाजली होती?"

श्रावणने कडीवरचा हात काढला. वाकलेला माणूस, पण वाट द्यायला समोर कोणी नव्हतं, नुसतं दार होतं.

"नाव सांग," ती आतून म्हणाली. "नाव सांगितल्याशिवाय मी कोनाले घरात घेत नाही."

"श्रावण."

"कोनाचा श्रावण?"

त्याने गल्लीकडे पाहिलं. त्यानेही कधी बायकोचं नाव घेतलेलं नव्हतं. पुऱ्यात कोणता पुरुष घेतो?

"शांताबाईचा," तो म्हणाला.

"आयकू नाही आलं."

"शांताबाईचा श्रावण!" तो ओरडला, दवंडी देताना ओरडायचा तसा, आणि त्याचा आवाज फाटला.

कडी निघाली. शांताबाई दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण ते कोणी बोलून दाखवायची हिंमत केली नाही.

"ये आत," ती म्हणाली. "पीठ डब्यात हाय. तुही भाकर तू भाज."